दोराची दोन टोकं

"या दोराला बोकडाचा वास येतो, वहिनी. वर्गवाल्यांनी कुत्र्यासाठी चांगला नवा पट्टा दिलाय, तो काय खुंटीला घालायला?" ओरियेम सायकल ढकलत पुटपुटला. दर गुरुवारी आंब्याखालच्या कुत्र्यांच्या वर्गाला जाताना त्याचं हेच गाऱ्हाणं. लामुनू मनगटाला माझा आणखी एक वेढा घेते आणि चालत राहते.

मित्रांनो, वास येतो तो मलाच. मी एक जुना दोर आहे, घायपाताचा. गुलू शहराच्या उत्तरेला एका वाडीत लामुनूच्या सासऱ्यांनी मला मांडीवर वळलं. काही वर्षं मी शेळ्या बांधल्या. एकदा विहिरीत पडलेलं करडू माझ्यामुळे वर आलं, तेव्हा म्हातारा म्हणाला, "दोर असावा तर असा!" माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग युद्ध आलं. शेळ्या गेल्या, म्हातारा गेला. एका सकाळी रानातले बंदूकवाले वाडीत शिरले. नऊ माणसं ज्वारीत दडली. त्यांत लामुनू होती, तिचा दीर ओरियेम होता, चार पोरं होती. घरचा कुत्रा ओगवालही मागोमाग आला, आणि त्याच्या गळ्यात मी. बूट जवळ वाजले तसा ओगवाल गुरगुरला. लामुनूनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड दाबलं. कुणीतरी मला आवळलं. कुणी, ते मला ठाऊक आहे. पण दोराला विचारतं कोण?

बूट निघून गेले. नऊच्या नऊ माणसं उठली. ओगवाल उठला नाही.

त्यावर वाडीत पुन्हा कुणी बोललं नाही. लामुनूनं मला टाकलं नाही, वापरलंही नाही. निर्वासितांच्या छावणीत नेलं, परत आणलं, झोपडीत टांगलं. वीसेक वर्षं मी चुलीचा धूर खाल्ला. खूप जणांनी त्याहून वाईट खाल्लं, म्हणून तक्रार नाही.

मागच्या पावसाळ्यात कुत्र्यांना सुया टोचणारी मंडळी आली. त्यांतली आटिम म्हणाली, ज्यांना झोप लागत नाही त्यांना आम्ही कुत्रा देतो, आणि दोघांनाही शिकवतो. लामुनूला मिळाला कोंगो. बाजारात दारूच्या मडक्यामागे सापडला म्हणून कोंगो, आमच्या बोलीत दारू. "आता वहिनीला दारूशिवाय झोप येत नाही," असं ओरियेम गावभर सांगत सुटला. खोटं नव्हतं. ती झोपेत किंचाळली की कोंगो तिचा तळवा चाटतो. मग ती पुन्हा झोपते.

त्याच्यासाठी तिनं मला खाली काढलं. आटिमनं पहिल्या दिवशी शिकवलं: गळ्याशी दोन बोटं सहज जातील एवढी जागा ठेवा. मित्रांनो, दोरानं उपदेश करू नये, पण ही दोन बोटं तुम्हीही लक्षात ठेवा. मला ती फार उशिरा कळली.

अडचण एकच होती. कोंगो भुंकला की लामुनूचा हात त्याच्या तोंडावर पडायचा. कोंगो हल्ली तिचा हात उचललेला दिसला तरी थरथरायचा.

"मावशी, आज शेवटची परीक्षा," त्या गुरुवारी आटिम म्हणाली. "भुंकू दे त्याला. आजही तोंड दाबलंस तर कोंगोला दुसरं घर बघावं लागेल. मलाही बरं वाटणार नाही."

सगळं ठीक चाललं होतं. बसला, उठला, पोरांच्या घोळक्यातून नीट चालला. तेवढ्यात रस्त्यावरून पत्रे लादलेली मोटरसायकल खडखडत गेली. कोंगो भुंकला. लामुनूचा हात पडला. कोंगो जमिनीला चिकटला.

आटिमनं पेन्सिल खाली ठेवली. "का गं, मावशी?"

आंब्याखाली अर्धी वाडी बसली होती. ज्वारीतली पोरं आता बापे झाली होती. त्यांनी माना खाली घातल्या.

"भुंकला तर..." लामुनू एवढंच म्हणाली.

ओरियेमनं सायकल झाडाला टेकवली. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि वीस वर्षांनी त्यानं माझं टोक हातात घेतलं.

"दोर मी आवळला होता," तो हळूच म्हणाला.

लामुनूनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा हात सुटला आणि कोंगो जो भुंकायला लागला तो थांबेचना. त्या कल्लोळात ओरियेमला ओरडावं लागलं. झाडाखालच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू नुसतं तोंड धरलं होतंस, वहिनी! ओगवालला मी मारलं!"