हेडर सापडत नाही

“मॅडम, माझ्या पण मशीनवर तोच एरर येऊन राहिला,” मागच्या रांगेतून पल्लवी म्हणाली.

कळमनुरीच्या त्या कॉलेजात सी लँग्वेजची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि बारापैकी एकाचाही प्रोग्राम चालत नव्हता. सगळ्या पडद्यांवर एकच तक्रार: कोनिओ डॉट एच ही हेडर फाइल सापडत नाही. नांदेडहून आलेल्या परीक्षक वैष्णवी मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“प्रोग्राम चालले नाहीत तर मला शून्यच लिहावं लागेल, सर.”

तासिका तत्त्वावर शिकवणारे शिवशंकर सर रुमालानं कपाळ पुसत राहिले.

दाराशी उभे असलेले बाबूसिंग पुढे आले. एकोणीस वर्षं ते या लॅबचे परिचर होते. कुलूप उघडायचं, धूळ पुसायची, वायरी जोडायच्या, एवढंच त्यांचं काम. पण दुपारी लॅब रिकामी असली की मुलांनी टाकून दिलेली पुस्तकं ते वाचत, त्यातले प्रोग्राम स्वतः टाइप करून बघत. गेल्या आठवड्यात जुने कॉम्प्युटर जाऊन नवे आले, त्यांच्यावर फुकट मिळणारा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, बसला, आणि पहिल्याच दुपारी बाबूसिंगांची या एररशी गाठ पडली. त्यांनी सरांना सांगितलंही होतं. “परीक्षा होऊ द्या, मग बघू,” असं म्हणून सरांनी विषय संपवला होता.

“म्याडम, पोरांची चूक न्हाई,” बाबूसिंग म्हणाले. “स्क्रीन पुसायचं, बटन दाबेस्तोवर थांबायचं फंक्शन जुन्या कंपायलरमधी आयतं व्हतं. ह्याच्यात ते न्हाईच. म्या तशी फाइल लिहून ठेवली हाय. टाकू का?”

“परीक्षा चालू असताना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम आहे.”

“चार नंबरला माझीच पोरगी बसलीय, राणी. ते आधीच सांगतो. पोरांच्या प्रोग्रामला मी हात लावनार न्हाई. पर मशीन माझ्या जिम्मेदारीत हाय. ती बराबर न्हाई, तर सुधारायचं काम माझं. तुमी बाजूला उभ्या राहून बघा.”

मॅडमनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

“किती वेळ लागेल?”

“पंधरा मिनिटं.”

“करा. मुलांनो, हात खाली. तेवढा वेळ मी वाढवून देते.”

बाबूसिंगांनी पहिल्या मशीनला पेनड्राइव्ह लावला. जुना एरर गेला, पण लगेच नवा उभा राहिला: वर्गमूळ काढायचं फंक्शन मिळत नाही.

“झालं,” सर पुटपुटले. “त्याचं हेडर तर लिहिलंय मुलांनी.”

“हेडर म्हंजे लग्नपत्रिका, सर. तिच्यात पाव्हन्याचं नाव हाय, पर पाव्हना घरूनच निघाला न्हाई. त्याला आनायला गाडी धाडावी लागती.”

कंपाइलच्या कमांडच्या शेवटी त्यांनी एक आडवी रेघ आणि ‘एल’, ‘एम’ ही दोन अक्षरं जोडली. प्रोग्राम चालला. मग दुसरं मशीन, तिसरं. मॅडम प्रत्येक ठिकाणी सोबत होत्या.

“तुमचं शिक्षण किती?”

“दहावी.”

बाराही मशीन झाली. परीक्षा पुन्हा सुरू झाली. दाराकडे परतताना बाबूसिंगांची नजर राणीच्या पडद्यावर गेली. प्रोग्राम चालला होता, पण सरासरीचं उत्तर चुकीचं येत होतं. का, ते त्यांना एका नजरेत कळलं. राणीनं मान वर केली. ते थांबले नाहीत. सरळ बाहेर जाऊन व्हरांड्याच्या टोकाला लॅबकडे पाठ करून उभे राहिले.

तासाभरानं राणी बाहेर आली.

“भागाकार इंटमधी करून राहिले व्हते, बापू, दशांशच गळत व्हता. लई वेळ गेला. शेवटी सापडलं.”

“बरं झालं.”

“तुमाला दिसलं व्हतं ना?”

“व्हय.”

त्यांच्या हातातला डबा तिनं घेतला आणि पायरीवर बसून उघडला.

मॅडमची गाडी गेल्यावर बाबूसिंग मशीन बंद करायला आत गेले. एक, दोन, तीन. चार नंबरपाशी त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. राणीचा प्रोग्राम त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. मग तो बंद केला आणि पाच नंबरकडे वळले.