आमचा प्रांत हिरवा नाही

नानसलमा सव्वीस वर्षं मंगोलियातल्या एका प्रांताच्या इस्पितळात कानाची डॉक्टर होती, आणि एकटीच होती. राजधानीहून फॉर्म आला. देशभरात कानाच्या उपचारांची सोय कुठे, किती आहे, याची पाहणी चालली होती. त्यावरून पुढचं सरकारी धोरण ठरणार होतं. 'नवजात बाळांची ऐकण्याची तपासणी होते का?' या प्रश्नापुढे तिने ठसठशीत लिहिलं, 'नाही'.

संचालक बातखूंनी तिला बोलावून घेतलं.

"ताई, मशीन आहे ना आपल्याकडे?"

"आहे. आलं आणि आठ महिन्यांत बंद पडलं, त्याला पाच वर्षं झाली. दुरुस्तीसाठी पाच पत्रं गेली, तुमच्याच सहीनं."

"मशीन आहे म्हणजे सोय आहे. 'होय' लिहा. चार लोकांत आपलं नाक कशाला कापून घ्यायचं?"

"नाक राहील हो साहेब. कानांचं काय?"

आदल्याच आठवड्यात एक मेंढपाळ बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी जन्मापासून बहिरी, आणि जन्मली याच इस्पितळात. "हाक मारली तर वळायची नाही," आई म्हणाली. "मला वाटलं, हट्टी आहे. मी मारायचे तिला." ते ऐकल्यापासून नानसलमाला धड झोप नव्हती.

महिन्याने राजधानीत बैठक झाली. पडद्यावर देशाचा नकाशा होता. तपासणीची सोय असलेले प्रांत हिरवे. तिचा प्रांतही हिरवागार! तिने शेजारी बसलेल्या बातखूंकडे पाहिलं. ते चहाच्या कपात डोकं घालून बसले होते.

ती उठली. "आमचा प्रांत हिरवा नाही. मी 'नाही' लिहिलं होतं."

"दुरुस्त्या नंतर लेखी द्या, डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले. "वेळ कमी आहे."

"एका पोरीची चार वर्षं आम्ही घालवली. तुमची चार मिनिटं गेली तर काय बिघडलं? तो रंग पुसा, मग बसते."

बातखू तिची बाही ओढू लागले. "बसा हो ताई, अब्रू जाईल!"

"जाऊ दे."

मग मागून पश्चिमेकडच्या प्रांतातला एक जाडा डॉक्टर उठला. "आमचाही पुसा. मशीन चालतं, पण चालवणारी बाई दोन वर्षांपूर्वीच कोरियाला गेली कामाला." हशा पिकला. मग तिसरा उठला, चौथी उठली. दुपारपर्यंत सात प्रांत पुसले गेले. अध्यक्षांनी चिडून फाईल मिटली, पण अहवाल थांबला. आता माणसं प्रत्यक्ष जाऊन पाहणार, असं ठरलं.

परतल्यावर बातखूंनी तिला लेखी ताकीद दिली. तिने सही करून ती घेतली आणि ओपीडीत जाऊन बसली.

वसंतात राजधानीहून तपासणीला एक बाई आल्या. बातखूंनी त्यांच्यापुढे चहा, बोर्त्सोगची तळलेली बिस्किटं, मटण सगळं मांडलं. नानसलमा मशीनच्या कपाटाची किल्ली घेऊन दारात उभी राहिली. "खाणं पळून जात नाही. आधी मशीन बघायला चला."

नव्या अहवालातल्या नकाशात तिचा प्रांत कोरा पांढरा छापला गेला. तो पाहून जिचा ऊर भरून आला, अशी देशात ती एकटीच असावी. मशीनचा सुटा भाग मात्र त्यानंतरही पाच महिन्यांनी आला.