मले मारबतीसंग फेकलं

मी एक जुनी काठी आहो, मित्रांनो. भरीव बांबूची. अंगानं काळी पडल्ली, मुठीपाशी घासून घासून गुळगुळीत झाल्ली. अन् मले राग आला हाय. काठीले राग येते का, असं विचारू नोका. तुमच्या घरी कोपऱ्यात जे काठी उभी हाय, तिचं बूड पाह्यलं का कधी उलटं करून? नाई ना? मंग चूप बसा अन् ऐका.

माहा जन्म जंगलातला. जंगूभाऊ म्हणून एक गोंड माणूस हाय. सुपं, टोपल्या, झाडण्या करून इकडं मूल तालुक्यातल्या धानाच्या गावाईत विकाले येते. त्यानंच मले तोडलं. बेटात इतके बांबू होते, पण त्यानं एकेकाले कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून पाह्यलं. पोकळ वाजला का पुढचा. माह्यातून आवाजच नाई निंघाला. तो म्हणे, "हे हाय."

मी बनली मनकर्णाबाईसाठी. धानाच्या रोवणीच्या दिवसात ते शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली होती अन् तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. जंगूभाऊनं मले विस्तवावर शेकलं, सरळ केलं अन् तिच्या दारात आणून उभं केलं.

"बाई, चप्पल घालून उभी राह्य."

"काऊन? काठी का पायात घालाची हाय?"

"तू चप्पल घालून चालतं ना? मंग माप बी तसंच घ्या लागते. हात सोड खाली. ढिल्ला सोड, आपण मारामारीले नाई जाऊन राह्यलो."

तिच्या मनगटाचं हाड जिथी आलं, तिथी त्यानं माह्या अंगावर नखानं खूण केली अन् तेवढंच ठेवून मले कापलं. लांब काठी माणसाले ढकलते, बुटकी काठी माणसाले वाकवते, म्हणे. बुडाले ट्रकच्या टायरचा तुकडा बसवला. मनकर्णाबाईनं मले डाव्या हातात धरलं त तो हासला.

"दुखते कोणता पाय?"

"डावा."

"मंग उजव्या हातात धर. अन् हे रबर झिजलं का बदलजो. रबर गेलं का काठी नाई राह्यत, निस्तं लाकूड राह्यते."

ध्यानात ठेवा हे. त्या घरात कोणंच नाई ठेवलं.

चार वर्सं मी काम केलं. मनकर्णाबाई मले "म्हातारे" म्हणे. "चाल व म्हातारे, नळ जाईन." "थांब व म्हातारे, दम घेऊ दे." नळावर, अंगणवाडीच्या वट्यावर, बाजारात, लग्नात, सगळीकडं तिच्या आगुदर मी. शेवाळ हाय का, गिट्टी हाय का, खड्ड्यावर पाणी साचलं का, ते मी पह्यले पाहू, मंग तिनं पाय टाकाचा. शेजारची नीलाबाई एक दिवस म्हणे, "मनकर्णे, तुही काठी तुह्यापेक्षा आगुदर पोचते व!"

"म्हणून त मी मागून पोचतो," मनकर्णाबाई म्हणे.

एवढी तारीफ मले पुष्कळ होती.

तिचा पोरगा गोपाल. माजरीले कोळसा खाणीत ठेक्यावर कामाले. मायीले फोन केल्याबिगर जेवत नाई असा. वाईट पोरगा असता त मी हे सांगितलंच नसतं, वाईटाचं काय सांगाचं? माहा सारा राग चांगल्या पोराईवरच हाय.

या चांगल्या पोरानं घरात टाईल बसवल्या. पांढऱ्या, चकाचक. अर्ध गाव पाहाले आलं. नीलाबाई वाकून म्हणे, "अवं माय, तोंड दिसते ह्याच्यात!" तोंड पाहाले भितीवर आरसा होता ना? पाय टेकाले जागा पाहिजे होती, ते गेली. माह्यं रबर तोपर्यंत झिजून कागदावाणी झालं होतं. एक दिवस ओल्या टाईलवर मीच घसरली. हो, मीच. मनकर्णाबाईनं दाराची चौकट धरली म्हणून वाचली. अन् घरातले काय म्हणे? "काठीच बेकार हाय."

बेकार! रबर कोण बदलाचं होतं, मी?

गावातली आशा वर्कर रंजीता बीपीच्या गोळ्या द्याले येते. ते तेज हाय. आल्याबरोबर तिनं मले उचललं, उलटं केलं, बूड पाह्यलं. चार वर्सांत जंगूभाऊच्या मागून माह्यं बूड पाह्यणारी तेच एक.

"मनकर्णाआजी, उठल्यावर चक्कर येते का?"

"येते ना व. आभाळ फिरते."

"मंग खाटेवरून सीधी उठत नोको जाऊ. पह्यले बस. पाय हालव. दम घे. मंग काठी धर अन् ऊठ. गाडी नाई सुटून राह्यली तुही." मंग तिनं तिथूनच गोपालले फोन लावला. "गोपालभाऊ, काठीचं रबरी बूच मेडिकलमधी भेटते, ते आणा. न्हाणीत धराले एक पाइप ठोका. अन् अंगणातलं शेवाळ खरवडा, ते हिरवं अंगण पाहून मलेच भेव वाटते."

"हो ना ताई, करतो ना."

"कधी?"

"पोळ्याले येतो ना मी."

पोळ्याले तो आला. भद्रावतीच्या बाजारातून मायीले साडी आणली, बायको उर्वशीले साडी आणली, गाणे वाजवाचा हा एवढा मोठा डब्बा आणला. बूच नाई आणलं. "अरे! ध्यानातच नाई राह्यलं," म्हणे. वरून बैलं पाहाले जाताना मायीले म्हणते, "आई, काठी राहू दे आज. लोक म्हणतीन, गोपालची माय लंगडी झाली."

गावापुढं पोराची मान खाली नोको म्हणून ते उर्वशीचा खांदा धरून गेली. मले दारामागं उभं केलं.

आता ऐका खरी गोष्ट.

पोळ्याच्या सांजेले आमच्याकडं दाराच्या दोन्ही बाजूले पळसाच्या फांद्या ठेवते. त्याले मेढे म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मेढे उचलाचे, सगळ्या गावानं ओरडत जाचं अन् शिवेच्या बाहेर फेकून याचे. रोगराई, माश्या, खोकला, जे जे वाईट ते त्याच्यासंग जाते. मारबत म्हणजे पीडा नेणारी बाई, ते सारं घेऊन जाते. फेकल्यावर मागं पाहाचं नाई. अन् फेकल्ली वस्तू घरात आणाची नाई, आणली का पीडा वापस येते.

मनकर्णाबाई न्हाणीत होती. उर्वशीनं मेढे उचलले. मंग दारामागं मी दिसली. तिनं मले डोळे भरून पाह्यलं, मित्रांनो. आदल्या राती तिनं सासूचा गुडघा तेल लावून किती वेळ चोळला होता, मी तिथीच होती. तिनं मले मेढ्यासंग काखेत मारलं अन् रस्त्यानं ओरडत निंघाली, "आत्याबाईचं गुडघेदुखणं घेऊन जा गे मारबत! त्याईची काठी घेऊन जा गे मारबत!"

गोपाल हासत होता. नीलाबाई म्हणे, "सून असावी त अशी!"

अन् शिवेवर, नाल्याच्या काठी, त्याईनं मले फेकलं. सारे वापस गेले. कोणंच मागं नाई पाह्यलं. रीतच तशी हाय ना!

पुढचं मी पाह्यलं नाई, ऐकलं. त्याच दिवशी दुपारी रंजीता अन् नीलाबाई नाल्याजवळून गावाकडं तरातरा चालल्या होत्या.

"झालं कसं पण?" रंजीता विचारे.

"अवं, तान्हा पोळा ना आज. पोट्टे लाकडाचे बैलं घेऊन दारात आले. मनकर्णाले कोण हौस! त्याईले बोजारा म्हणून लाडू द्याले अंगणात धावली. शेवाळावर पाय गेला. हात टेकला, मनगट कटकन वाजलं. लाडू दुसऱ्या हातातच होता व, सोडला नाई तिनं."

"अन् काठी?"

"काठी त मारबतीले देली ना सकाळी."

रंजीता जागेवर उभी राह्यली. "काय केलं?" असं ओरडली का झाडावरचे बगळे उडाले. मी मेढ्याखाली पडून होती. मले तोंड असतं त मी बी ओरडली असती. मी दोन हातावर होती, पोट्टेहो! दोन हातावर! तरी दोघीईनं मले पाह्यलं नाई, काऊन का मारबतीच्या ढिगाकडं कोणी पाह्यतच नाई.

चंद्रपूरले नेऊन डाव्या हाताले पलस्तर केलं. नशीब चांगलं, खुबा नाई मोडला. पण ते घरी आली अन् खाटेवर बसली, ते बसलीच. रस्त्यानं जाणाऱ्या बाया बोलत होत्या. आता ते नळावर येत नाई. अंगणात येत नाई. न्हाणीतही नाई जात, खाटेवरच अंग पुसून घेते. हाड जुळून राह्यलं, पण भेव बसलं. रंजीता म्हणे, "असंच बसून राह्यली त पायातलं बळ जाईन, मंग उठवू म्हटलं तरी उठणार नाई." हे ऐकून माह्या अंगात आग झाली. माह्यावर पाऊस पडून राह्यला होता, बुडाकडून उधई लागून राह्यली होती, पण आग विझत नव्हती.

एक दिवस गोपाल आला. खाणीत वापस चालला होता, खांद्यावर बॅग. मेढ्याचे पानं वाळून गळले होते, मी उघडी पडली होती. त्यानं मले पाह्यलं. चांगलं पाह्यलं. थांबला. एक पाऊल माह्याकडं टाकलं. मंग इकडं तिकडं पाह्यलं, कोणी पाहून त नाई राह्यलं ना? हात पुढं केला अन् मागं घेतला. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला अन् गडी पळाला.

माय खाटेवर, काठी नाल्यावर, अन् मधी पोराचं भेव. नीलाबाईचं बोलणं मी विसरली, उर्वशीचं फेकणं बी विसरीन. पण तो मागं घेतल्लेला हात नाई विसरत.

दसऱ्याच्या आगुदर जंगूभाऊ आला. डोक्यावर टोपल्याची उतरंड. नाल्यापाशी पाणी प्याले वाकला अन् त्याचे डोळे माह्यावर पडले. त्यानं मले उचललं, माती पुसली, ठोकून पाह्यलं. अजून भरीवच होती मी. बूड पाह्यलं. उधईनं चार बोटं खाल्ले होते.

"हे त माही," म्हणे.

मले घेऊन तो सीधा गावात शिरला. नीलाबाईनं रस्त्यातच आडवलं. "जंगूभाऊ! अरे, ते मारबतीची व्हय! घरात नोको आणू, पीडा येईन!"

"मारबतीले काठी काऊन पाहिजे? तिचे गुडघे दुखते का?"

"रीत हाय बाप्पा."

"रीत मले नोको शिकवू. रोग फेकाची रीत हाय. तुमी रोग फेकाले गेले अन् औषध फेकून आले."

मनकर्णाबाईच्या फाटकापाशी लोकं जमले. उर्वशी बाहेर आली. मले पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं. "भाऊ, मी त आत्याबाईच्या चांगल्यासाठीच..."

"माहीत हाय मले, बाई. म्हणूनच शिव्या नाई देऊन राह्यलो."

तिथीच फाटकापाशी बसून त्यानं माह्यं खाल्लेलं बूड कापलं. मी आता बुटकी झाली ना? मंग वरून मुठीवर बांबूची आडवी मूठ बसवली, माप बरोबर केलं. चपलीच्या जुन्या टायरसोलचा तुकडा कापून खाली ठोकला. मंग उभा राह्यला अन् घरात आवाज देला. "मनकर्णाबाई! तुह्या घरात पीडा नाई आणत मी. काठी फाटकावर हाय. पाहिजे त येऊन घे."

आतून आवाज आला, "नाई येत मी. मी पडीन."

"मंग राहू दे. नाल्यात फेकून देतो वापस."

मंग उर्वशी धावत चुलीपाशी गेली. टोपलं भरून राख आणली अन् खाटेपासून फाटकापर्यंत त्या चकाचक टाईलवर, त्या हिरव्या अंगणात, मुठीमुठीनं फेकत आली. पांढरी टाईल काळी झाली. कोणाचं तोंड दिसत नव्हतं तिच्यात आता.

"चाला आत्याबाई," ते म्हणे. "पह्यले बसा. पाय हालवा. दम घ्या."

मनकर्णाबाई उठली. उर्वशीनं उजवा हात धरला. एक पाऊल. राखेत पाय उमटला. मंग दुसरा. चौकटीपाशी थांबली. मले वाटलं, गेली वापस. पण नाई. अंगण पार करता करता ते एकेक पाय चाचपून टाकत होती, अन् फाटकापाशी आल्यावर तिनं सुनेचा हात सोडला अन् मले धरलं.

"उशीर केला व म्हातारे," म्हणे.

मी? मी उशीर केला?

पण तिच्या हाताची पकड इतकी घट्ट होती का मी सीधी तिच्या आगुदर राखेत टेकली.

त्या दिवशी सांजेले उर्वशीनं गोपालले फोन केला. "दिवाळीले काही आणू नोका. न्हाणीतला पाइप अन् काठीचं बूच आणा. बूच नसन त तुमी बी येऊ नोका."

आता दोन बुचं आले हायेत. एक माह्या पायात, एक कोनाड्यात. न्हाणीत पाइप हाय. पण मनकर्णाबाईचं डावं मनगट वाकडं जुळलं, ते वाकडंच राह्यलं. भाकर थापताना ते एका हातानं थापते. मंग माहा राग कसा जाईन?

म्हणून सांगतो, मित्रांनो. आजीच्या पाया पडू नोका आज. आजीच्या काठीचं बूड पाहा. अंगणात शेवाळ हाय का पाहा. ते खाटेवरून कशी उठते ते पाहा. उद्या नाई, पोळ्याले नाई. हे वाचणं सोडा अन् उठा. बसून काय राह्यले?