वहिनींच्या हसण्याएवढं दुकान

पद्मावती वहिनी हसल्या की आमचं साड्यांचं दुकान मागच्या बाजूने हातभर लांब होतं. गडहिंग्लजच्या बाजारात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणाला त्याचं कौतुक नाही. मला मात्र आहे. एखादी बाई अख्खं कपाट उपसायला लावते आणि शेवटी नुसती फॉलची पट्टी घेऊन उठते, तेव्हा माझं डोकं फिरतं. वहिनी तिच्याबरोबर खळखळून हसतात, मागची भिंत सरकते, आणि पुढच्या सणाला तीच बाई जावेला घेऊन येते. असला धंदा मला सात जन्मांत जमला नसता.

मग वहिनींचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गेला. तेरावं उरकून वहिनी दुकानात आल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकाशी हसल्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"वहिनी, वर्ष होईपर्यंत गादीवर हसू नका. लोक नावं ठेवतील."

"बरं, भावजी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मागची भिंत पुढे आली. मग बाजूच्याही सरकल्या. गादी गुंडाळून ठेवावी लागली. आमचा जुना गडी बसगोंडा उभ्यानेच साड्या दाखवू लागला, पण गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच परत फिरायचं. इकडे वहिनींना घड्या पडू लागल्या. आधी कोपरात, मग कमरेत. दुखत नाही म्हणायच्या. दिवाळी उलटली तोवर त्या इतक्या पातळ झाल्या की बसगोंडाने त्यांना अलगद उचलून इरकलीच्या फळीवर ठेवलं. मी रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकायचो. फार वाईट वाटायचं. आणखी एक घडी पडली असती तर त्यांचा चेहरा आत गेला असता.

त्यातच एका लग्नाचा बस्ता आला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं आणि मानपानाच्या ढीगभर साड्या. दुकान तेव्हा जेमतेम माणूसभर रुंद होतं. मंडळी एकामागे एक आत शिरली. पुढे नवरी, मग तिची आई, मग नवऱ्याची आत्या. आत्याबाई अंगाने भरभक्कम. त्या दोन भिंतींच्या मध्ये थांबल्या आणि मागची मंडळी रस्त्यावर खोळंबली.

"आत्याबाई, अडकलात का?" नवरीच्या आईने विचारलं.

"अडकतेय कशाला? मी साडी निवडतेय."

त्यांच्या नाकासमोर नुसती चुन्याची भिंत होती. मी सवयीने विचारलं, "कोणता रंग काढू?"

"हाच बरा आहे," आत्याबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "काठ तेवढा मोठा बघा."

फळीवरून खुदकन आवाज आला आणि लगेच दाबला गेला. वर्ष व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता.

"हसा, वहिनी," मी म्हणालो. "पाया पडतो तुमच्या, हसा."

वहिनींची एकेक घडी उलगडली. त्या खाली उतरल्या आणि पोट धरधरून हसल्या. त्यांच्या गालावर रंग आला. भिंती मागे हटल्या, आत्याबाई सुटल्या आणि त्याही हसू लागल्या. बाहेरची मंडळी आत आली, गादीवर ऐसपैस बसली. बसगोंडाने चहा सांगितला. मला इतकं बरं वाटलं की रडूच येईल असं झालं.

वहिनींनी हिरवा शालू काढला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून त्या मागे मागे जात तो उलगडू लागल्या. हसणं चालूच होतं, त्यामुळे दुकान लांबत होतं आणि शालूही. ते बघून मलाही हसू फुटलं. मग दुकान दुप्पट वेगाने लांबायला लागलं.

"सोडू नका हं, भावजी," वहिनींचा आवाज लांबून आला. त्या आता नखाएवढ्या दिसत होत्या.

"हाच द्या," नवरीची आई म्हणाली. "घडी घाला."

घडी घालायची तर दोघांनी एकमेकांकडे चालत यायला हवं. मी काठ जुळवून घेतला आणि निघालो. समोरून वहिनीही निघाल्या. दोघांनाही हसू आवरत नव्हतं.