वाढदिवसाच्या बॅनरखालची घोंगडी

मी एक जुनी वेबसाईट आहे, मित्रांनो. फाटका झेंडा, मोडकी खुर्ची, आटलेली विहीर यांची मनोगतं तुम्ही परीक्षेत पुष्कळ लिहिली असतील. माझं कुणी लिहीत नाही, म्हणून मीच सांगते. जुनी म्हणजे फार तर सहा-सात वर्षांची. माणसांत एवढ्या वयाच्या पोरीला शाळेत घालतात, आमच्यात अडगळीत टाकतात. बोलण्यात कडवटपणा जाणवला तर चालवून घ्या. गोड सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात फारसं घडलंच नाही.

बीड जिल्ह्यात वडवणीजवळच्या एका वस्तीवर सटवा आणि कडूबाई हे मेंढपाळ जोडपं राहतं. मेंढरांची लोकर कातरायची, कडूबाईनं चरख्यावर तिचं सूत काढायचं आणि सटवानं घरातल्या मागावर घोंगडी विणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. माग जमिनीत बसवलेला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. चिंचोक्याची खळ दिलेली त्यांची घोंगडी पाण्या-पावसाला दाद देत नसे. पण बाजारात लोक रंगीत ब्लँकेटं घेऊन जायचे आणि सटवा घोंगड्यांचा गठ्ठा परत आणायचा.

"आसंच चाललं तर खड्डा बुजवून टाकतो. मंग तितं कांदे पसर," तो म्हणायचा. कडूबाई त्याला तिथंच थांबवायची. तिच्या सासऱ्यानं खणलेला खड्डा होता तो.

हे गावचे पुढारी विठ्ठलराव यांच्या कानावर गेलं. मोठे जमीनदार, मोठं मन, त्याहून मोठा फोटो. ते म्हणाले, "सटवा, तुला वेबसाईट काढून देतो. समद्या जगात माल जाईल." सटवाला काही कळलं नाही, पण त्यानं हात जोडले. मित्रांनो, तो खड्डा बुजू नये एवढ्यासाठी माझा जन्म झाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं सगळे विसरले.

मला घडवलं पप्पूनं. वडवणीच्या स्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, त्याचा साचा एकच. मध्ये नेता, बाजूला वाघ नाहीतर सूर्य, खाली शुभेच्छुकांची रांग. "वेबसाईट म्हंजे मोबाईलमधला फ्लेक्सच की," असं म्हणून त्यानं मला त्याच साच्यात बसवलं. त्यातच उद्घाटन ठेवलं विठ्ठलरावांच्या वाढदिवशी. मग काय विचारता! माझ्या कपाळावर विठ्ठलराव आले, गॉगलसकट. खाली गावातली झाडून सगळी तोंडं ओळीनं लागली. घोंगडीची माहिती, फोन नंबर, सगळं त्या एकाच अवाढव्य चित्रात रंगवलं. आणि माझ्या प्रत्येक पानाला नाव दिलं, 'मा. विठ्ठलराव यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

सगळ्यात खाली, कोपऱ्यात, चरख्यावर सूत काढणाऱ्या कडूबाईचा एक फोटो होता. माझ्यात खरं म्हणावं असं तेवढंच.

उद्घाटनाला लॅपटॉपला हार घातला, नारळ फोडला, बटणांवर हळद-कुंकू सांडलं. सटवानं विठ्ठलरावांचा काठी न् घोंगडं देऊन सत्कार केला. त्याच्या हातची सगळ्यात चांगली घोंगडी होती ती. पेढे वाटले. माझं कौतुक झालं ते त्या दिवशी, पहिलं आणि शेवटचं.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. खोटं कशाला बोलू, एक माणूस यायचा. विठ्ठलराव रोज सकाळी चहाबरोबर मला उघडून स्वतःचा फोटो बघायचे. त्यामुळे माझ्यावरचा भेटींचा आकडा वाढायचा आणि पप्पू सांगायचा, "सटवाकाका, लई लोक बघतेत!" सटवा खूश होऊन विणत राहायचा. घरात गठ्ठ्यावर गठ्ठा चढला.

"मंग घ्यायला कावून येईना कोनी?" कडूबाई विचारायची. पप्पू पुन्हा आकडाच दाखवायचा.

उत्तर काढलं ते मोहिनीनं. मोहिनी ही त्यांची लेक. बीडला शिकली, तिथंच एका ऑफिसात वेबसाईटी तपासायचं काम करते. सुट्टीला घरी आली आणि ओट्यावर बसून तिनं माझी तपासणी मांडली. मला वाटलं, चला, कुणीतरी आपली नाडी बघतंय!

पहिल्यांदा तिनं 'वडवणीची घोंगडी' असं टाकून शोधलं. पहिल्या पानावर मी नाही, दुसऱ्यावर नाही, कुठंच नाही. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं 'विठ्ठलराव वाढदिवस' टाकलं. मी सगळ्यांच्या वर! मोहिनी हसली, पण ते हसू बघवत नव्हतं.

"आबा, शोधणारं यंत्र अक्षरं वाचतं," ती सटवाला म्हणाली. "चित्रात रंगवलेलं त्याला फारसं उमगत न्हाई. आपल्या अख्ख्या वेबसाईटवर घोंगडी हा शब्द अक्षरात एकदाबी न्हाई. त्याला वाटतंय हे वाढदिवसाचं दुकान हाय."

दुखणी निघत गेली. ते चित्र एवढं जड, की मोबाईलवर मी उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा. फोन नंबर दाबला तर लागायचा नाही, कारण तोही चित्रातच. हातानं लावला तर बंद. मग तिनं कडूबाईचा फोटो घेतला आणि तो आणखी कुठं आहे का, ते शोधलं.

होता. शहरातल्या एका दुकानाच्या वेबसाईटवर, मोठा करून लावलेला. वर अक्षरात लिहिलं होतं, 'आजीच्या हातची अस्सल घोंगडी'. घोंगडी शोधली की पहिलं नाव त्याच दुकानाचं यायचं.

कडूबाईचा चेहरा फुलला. "आगं, ही तं मीच हाय! मंग आपलाच माल इकतेत की ते?"

"न्हाई माय. माल मशिनीचा हाय. फोटो तेवढा तुझा."

पदर सावरून कडूबाई चरख्यावर जाऊन बसली, पण सूत काही काढलं नाही.

मोहिनी दुसऱ्याच दिवशी विठ्ठलरावांकडे गेली. माझी किल्ली, म्हणजे पासवर्ड, पप्पूकडे आणि पप्पू विठ्ठलरावांच्या शब्दाबाहेर नाही. तिनं हात जोडून सांगितलं, फोटो खाली घेऊ, वर घोंगडीचं नाव लिहू, एका दुपारचं काम आहे.

"म्हंजे आमाला खाली घेता?" विठ्ठलराव म्हणाले. "निवडनूक तोंडावर आलीय, पोरी. ती होऊ दे, मंग बघू."

झालं, माझं भिजत घोंगडं तसंच पडलं. आणि काय सांगू, त्याच निवडणुकीच्या सभेत विठ्ठलरावांचा पुन्हा काठी न् घोंगडं देऊन सत्कार ठरला. पहिली घोंगडी कुठं गेली ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. नवी आणायची जबाबदारी पप्पूवर. सटवाचं घर सभेच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, घरात घोंगड्यांची थप्पी. पप्पूनं खिशातला मोबाईल काढला, 'घोंगडी' म्हणून शोधलं आणि पहिलं नाव आलं तिथून मागवली.

सत्काराला वयस्कर म्हणून सटवालाच मंचावर बोलावलं. पप्पूनं त्याच्या हातात खोकं दिलं. खोक्यावर कडूबाईचा फोटो छापलेला होता.

"पप्पू, आरं माझ्या घरात ढीग पडलाय," सटवा हळूच म्हणाला.

"ध्यानातच न्हाई आलं, काका. मोबाईलवर पैलं नाव आलं, मागवली. घरपोच आली बघा."

सटवानं ती घोंगडी विठ्ठलरावांच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. त्यानं खोकं तेवढं घडी करून काखेत मारलं आणि घरी आला. मेंढरं नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात विकली गेली. घोंगड्यांचा ढीग मिळेल त्या भावात फुंकला. आणि मग एका सकाळी त्यानं माग उपटला आणि बापानं खणलेला खड्डा स्वतःच्या हातानं मातीनं भरला. कडूबाई दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. अडवून काय सांगणार होती?

विठ्ठलराव निवडून आले. पप्पूनं मोहिनीला पासवर्ड दिला. "घ्या मोहिनीताई, आता काय करायचं ते करा." तिनं खरंच एका दुपारी सगळं केलं. फोटो गेला, चित्र गेलं, साध्या अक्षरांत घोंगडीचं नाव आलं, माहिती आली, चालू नंबर आला. महिना-दोन महिन्यांत मी वर चढले. आता 'वडवणीची घोंगडी' शोधा, पहिलं नाव माझंच. शहरातल्या त्या दुकानाच्याही वर.

लोक येतात, मित्रांनो. रोज निरोप येतात. मोहिनी सुट्टीला आली की ते आईला वाचून दाखवते.

"काय म्हनतेत?"

"घोंगडी पायजे म्हनतेत, माय."

कडूबाई खड्डा होता तिकडे बघते. तिथं कांदे पसरलेत.

तुमच्या गावात कुणी हातानं काही घडवत असेल, तर त्याच्यासाठी उघडलेल्या दुकानावर त्याचंच नाव लिहा, पुढाऱ्याचं नको. आणि लिहायचं ते वेळेत लिहा. मला हे सांगायला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते.

परवा मोहिनीनं माझ्यावर आणखी एक ओळ घातली, अगदी वर, विठ्ठलरावांचा फोटो होता त्या जागी. 'घोंगडी आता मिळणार नाही.' ही ओळ चित्रात नाही, अक्षरांत आहे. सगळ्यांना नीट वाचता येते.