घड्याळजीच्या हाती सापडलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे. माझे डोके एकदा धडापासून वेगळे करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवले होते, आणि तरीही मी तुम्हाला हे सांगायला शिल्लक आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी निळी होते. एका लाँड्रीवाल्या बाईंनी मला घेतले. त्यांनी माझी मागची आसने काढून टाकली आणि तिथे चादरींची गाठोडी रचली. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, सगळे मी वाहिले. दवाखान्याकडे जाणारा चढ मोठा होता. मी कुरकुरत चढायचे, पण कधी मध्येच थांबले नाही. वर पोचलो की बाई माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायच्या, "शाबास गं म्हातारे!" तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण कौतुक कोणाला नको असते?

पुढे खरोखरच म्हातारी झाले. एक दिवस त्याच चढावर माझे पाणी उकळले आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक आणि वर हेड, म्हणजे डोके. दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. आगीला आगीच्या जागी आणि पाण्याला पाण्याच्या वाटेवर ठेवायचे, हे त्याचे काम. माझे गॅस्केट जळाले होते. बाईंनी टेम्पो घेतला आणि मला मागच्या शेडमध्ये ढकलले. माझ्या टपावर मांजर झोपू लागले.

बाईंचा धाकटा भाऊ घड्याळजी. गाडी चालवायला तो माझ्यावरच शिकला होता, ताईच्या शिव्या खात. मला भंगारात द्यायचे ठरले तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी करतो दुरुस्त. मशीन ते मशीन. घड्याळ काय नि इंजिन काय!"

"अरे, पंक्चर काढता येतं का तुला?"

"शिकेन की."

"शीक. महिनाअखेरीच्या रविवारी भंगारवाला येणार. तोवर चढ चढली तर राहील, नाही तर जाईल. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

त्याने काम फार नीटनेटके केले. प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवला. माझे डोके उतरवून इस्त्रीच्या टेबलावर ठेवले आणि डोळ्याला भिंग लावून तपासले. ते वर्कशॉपमध्ये नेऊन सपाट करून आणले. नवे गॅस्केट आणायला गेला तेव्हा दुकानदाराने, लागेलच म्हणून, हसत एक जास्तीचे दिले, तेही त्याने घेतले. बोल्ट आवळतानाही आधी मधले, मग कडेचे, अगदी पुस्तकातल्या क्रमाने. जोर किती लावायचा तेही पुस्तकात होते. तो मोजणारा एक खास पाना मिळतो. तो मात्र त्याने आणला नाही.

"इतकी वर्षं स्क्रू आवळतोय," तो मांजराला म्हणाला. "बस झालं की हातच सांगतो."

हात सांगत होता, हे खरे. पण तो हात घड्याळजीचा होता! संकोची पाहुणा खुर्चीच्या कडेवर टेकावा, तसे माझे बोल्ट नुसते टेकले होते.

मी सुरू झाले. त्याने टाळी वाजवली. थोड्याच वेळात रेडिएटरमध्ये बुडबुडे आले आणि पुन्हा तोच पांढरा धूर. त्याने पाण्याचा पंप खोलला. पंप चांगला होता. रेडिएटर उतरवून धुतला. तोही चांगला होता. मग थर्मोस्टॅट, मग नळ्या. अरे बाबा, वर बघ ना, बोल्टकडे! मी जीव तोडून सांगत होते. पण माझी भाषा म्हणजे धूर, वाफ आणि बुडबुडे. तिन्ही वापरून झाले होते. एकदा त्याने संतापून पाना भिरकावला, मग स्वतःच जाऊन उचलला आणि पुसून ठेवला. त्या पुसण्याने तर मला आणखीच चीड आली. जरा ताकद लाव रे माझ्यावर!

रविवार उजाडला. भंगारवाला दोर घेऊन दारात उभा राहिला. ताई तणतणत शेडमध्ये आली.

"महिनाभर आवळलंस तरी काय?" तिने लांब दांड्याचा पाना एका बोल्टवर बसवला आणि खेचला. बोल्ट फिरला.

"ताई, थांब! आटे जातील!"

"अरे, हा तर फिरतोय! चादर पिळायची सोडून रुमाल झटकत बसलास होय रे?"

त्याने दुसऱ्या बोल्टला हात घातला, मग तिसऱ्या. सगळे फिरले. "मला वाटलं, जोर लावला तर मोडेल," तो पुटपुटला.

ताई भंगारवाल्याकडे वळली. "दादा, संध्याकाळी या."

"बाई, ती काय संध्याकाळपर्यंत तरुण होणार आहे?"

"या तर खरं!"

घड्याळजी वर्कशॉपमधून जोर मोजणारा पाना मागून घेऊन आला. माझे डोके पुन्हा उतरले, जास्तीचे गॅस्केट बसले. त्याने गुडघा माझ्या मडगार्डला टेकवला, डोळे मिटले आणि सगळे अंग मागे टाकून खेचले. जोर पुरा झाला की तो पाना 'कट' असा वाजतो. दर 'कट'ला भाऊबहीण दोघेही श्वास सोडत होते. मला दुखत होते, आणि फार बरे वाटत होते.

संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा शेडमध्ये फक्त मांजर होते. मी चादरी घेऊन चढावर होते, आणि पाण्याचा काटा मध्यावर स्थिर होता. वर पोचल्यावर ताईने स्टिअरिंगवर थाप मारली. मग जरा थांबून दुसरी थाप भावाच्या पाठीवर मारली, ती बरीच जोरात.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जरूर जपा. पण जपणे म्हणजे नुसते हळुवार हात लावणे नव्हे. तिला काय हवे ते आधी नीट पाहा. माझ्यासारखीला कधी कधी कोणीतरी गुडघा टेकवून, सगळे अंग मागे टाकून धरून ठेवावे लागते.