पास वसूल

पास काढला तिथंच सगळं फसलं. मी सरळ म्हणत होते, जायचं त्या गावाचं तिकीट काढू, उतरू आणि पाय पसरून बसू. पण आमचे हे खिडकीपाशी गेले आणि जोडीचा पास घेऊन आले. आठवडाभर कुठलीही गाडी, कुठलंही स्टेशन. अट एवढीच की दोघांनी बरोबर प्रवास करायचा. चेहरा असा, जशी काही रेल्वेच विकत घेतली.

तेव्हापासून यांच्या पायाला भिंगरी. सकाळी लॉजच्या जिन्यावरून मी कठडा धरत उतरतेय, तर हे खाली वेळापत्रक घेऊन हजर. गाव बघितलं न बघितलं की चला, पुढची गाडी लागलीय. का, तर पास वसूल व्हायला पाहिजे. पास होतोय हो वसूल, पण माझी हाडं खिळखिळी झाली त्याचं काय? अंग नुसतं आंबून गेलं होतं.

आणि आम्ही काही हौसेनं बाहेर पडलो नव्हतो. आमची लॉन्ड्री आहे. लग्न झाल्यापासून मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे कोट, काय म्हणाल ते. आता मनगट वळत नाही. डॉक्टरांनी इस्त्री बंद सांगितलीय. लेकीनं तिच्याकडे एक खोली रिकामी करून ठेवली, दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईकही आलं. अडलं होतं ते यांच्या होकारावर. मी विषय काढला की म्हणायचे, सुट्टीत निवांत बोलू. म्हणून ही सुट्टी. तर सुट्टीत निवांतपणा तेवढा सोडून सगळं होतं. गाडीत तोंड उघडलं की यांना नेमका खिडकीतून पूल दिसायचा, नाहीतर डोळा लागायचा.

त्या दुपारी एका जंक्शनवर उतरलो. समोरच्या फलाटावर गाडी उभीच होती. हे दोन्ही बॅगा घेऊन धावत सुटले, डब्यात चढलेसुद्धा. मी बाकावर बसले ती बसलेच. हे दारातून हातवारे करतायत, मी ढिम्म. एकट्याला तो पास चालत नाही, त्यामुळं मुकाट खाली उतरावं लागलं. गाडी निघून गेली.

मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. एवढी चांगली गाडी घालवली, तुला कशाचं म्हणून काही नाही. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं, मी लेकीच्या गावाचं तिकीट काढतेय.

"वेडी आहेस का? पास तिथंही चालतो."

"चालतो ना? मग इतक्या गाड्या धरल्यात, एकदाही तिकडची का नाही धरली?"

यांनी पाण्याची बाटली उघडली, न पिताच झाकण लावलं. खरं तर मी भडकायला हवं होतं, पण भडकायलाही अंगात जोर लागतो.

मग म्हणाले, "तिथं सकाळी उठून मी काय करू, सांग. जावयाचा पेपर वाचत बसू? दुकानात मला चार माणसं विचारतात."

"आणि मी?"

"तू जा. तुला विश्रांती पाहिजे. मी बघतो दुकानाचं. इस्त्रीला माणूस ठेवतो."

म्हणजे उत्तर तयार होतं. सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून मला गावोगाव फिरवलं. इतकं वाईट वाटलं की रडूसुद्धा आलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं. आता कुणाची मनधरणी करायची नव्हती.

मी रांगेत उभी राहिले. हे मागंच होते. खिडकीतल्या बाईनं गाव विचारलं, मग म्हणाली, "किती?"

मागून 'दोन' असा आवाज येईल म्हणून थांबले. बाईनं मान वर करून आधी माझ्याकडं, मग यांच्याकडं पाहिलं. रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली.

"एक," मी म्हटलं.

गाडी आली तेव्हा यांनी माझी बॅग चढवली, वरच्या फळीवर नीट सरकवून ठेवली. शेजारच्या बाईंना म्हणाले, "हिचं मनगट दुखतं. उतरताना बॅग तेवढी काढून द्या." आणि उतरून गेले.